बटणं हाताची की डोळ्यांची?

घरी आर्केड कॅबिनेट बांधायला घेतलेला माणूस पडद्याचा आणि संगणकाचा प्रश्न एका बैठकीत सोडवतो. जुना मॉनिटर सापडतो, रास्पबेरी पाय मिळतो, नाहीतर अडगळीतला पीसी कामाला येतो. सांगाडा सुतार बांधून देतो. गाडं अडतं ते पुढच्या फळीपाशी, जिथे स्टिक आणि बटणं बसायची असतात. बटणं किती, कुठे, केवढ्या अंतरावर, कोणत्या रंगाची? यंत्राची आणि माणसाची गाठ पडते ती या दोन-तीन फुटांच्या फळीवर. ती फसली, तर बाकीचं कॅबिनेट कितीही देखणं असो, त्याच्यापुढे कोणी दुसऱ्यांदा उभं राहत नाही.

या कामाकडे बघण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींना भक्कम आधार आहे. त्या मी इथे दोन माणसांच्या तोंडी दिल्या आहेत. मामाची हयात भोसरीच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेलं बांधण्यात गेली. भाची सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि दोघांना शेजारी उभं राहून खेळता येईल असं कॅबिनेट तिने घरी बांधायला घेतलंय. तिने पुठ्ठ्यावर काढलेला आराखडा आता मामापुढे आहे.

मामा : बटणांची रांग वाकडी आलीय गं. डावीकडची दोन खाली उतरलीत, बाकीची चार वर.

भाची : मुद्दाम उतरवलीत. तुझा उजवा हात या पुठ्ठ्यावर ठेव बघू. बोटं ताणू नकोस, दाबू नकोस, नुसता सैल टेकव. आता टोकं बघ. मधलं बोट सगळ्यात पुढे, अनामिका त्याच्या जराशी मागे आणि तर्जनी आणखी मागे. बटणं सरळ ओळीत लावली की एकतर तर्जनी ताणायची, नाहीतर मनगट वाकडं करायचं. अर्धा तास खेळलं की मनगट बोलायला लागतं. जपानी कॅबिनेटांवर पहिली जोडी खाली असते ती म्हणूनच.

मामा : आमच्याकडे असं पॅनेल इन्स्पेक्शनलाच परत जाईल. सगळं ओळीत, समान अंतरावर आणि प्रत्येक बटणाखाली नावाची पट्टी. 'पंप चालू', 'पंप बंद', 'इंचिंग'. रात्रपाळीला नवा ऑपरेटर आला तरी त्याला कोणाला विचारायची वेळ येऊ नये. काय दाबायचं ते पॅनेलनेच सांगायला हवं. तुझ्या आराखड्यावर एक अक्षर नाही.

भाची : तुझा ऑपरेटर आधी बटणाकडे बघतो, मग दाबतो. माझ्या खेळाडूला पडद्यावरून नजर काढताच येत नाही. माझ्या यादीतले बहुतेक खेळ सेकंदाला जवळजवळ ६० चित्रं दाखवतात, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद. खाली बघून पट्टी वाचेपर्यंत समोरच्याची लाथ बसलेली असते. आणि पट्टीवर लिहू तरी काय? 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये या बटणाने हलका ठोसा बसतो. 'मेटल स्लग'मध्ये त्याच बटणाने गोळी सुटते. 'बबल बॉबल'मध्ये त्यातूनच बुडबुडा निघतो. पट्टी एका खेळात खरी ठरली की दुसऱ्यात खोटी.

मामा : मग नुसते नंबर टाक. एक ते सहा.

भाची : नंबर टाकते, पण आत, वायरींवर. वर नकोत.

इथे मी भाचीच्या बाजूने आहे, आणि हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. लिहिलेलं असलं की नजर तिथे वाचायला जातेच. नवखा खेळाडू सुरुवातीला खाली बघणार. पण खाली वाचण्यासारखं काही नसलं की बोटं आपली जागा लवकर शोधतात. घरच्या कॅबिनेटवर खेळणारे तेच ते लोक पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे ते शिकणं वाया जात नाही.

मामा : बरं, पण सहाच का? तुझ्या यादीत 'पॅकमॅन' आहे. त्याला किती लागतात?

भाची : एकही नाही. नॅमकोचा १९८० चा खेळ. चार दिशांची स्टिक, बाकी काही नाही. 'डाँकी काँग'ला, १९८१ चा तो, एकच. उडीचं.

मामा : आणि 'मुस्तफा'ला दोन. तो मला माहीत आहे. तुझा मोठा दादा क्लासहून वेळेवर आला नाही की मी सरळ व्हिडिओ गेमच्या पार्लरात जायचो. त्या एकाच मशिनभोवती पोरांचं कोंडाळं असायचं.

'मुस्तफा' म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. आपल्याकडे त्याचं खरं नाव फारसं कोणी घेतलं नाही. त्यातल्या मुस्तफा कैरो या गड्याचं नाव खेळालाच चिकटलं. एक बटण मारायचं, एक उडीचं. दोन्ही एकदम दाबली की भोवतीचे सगळे उडतात आणि त्याच्या बदल्यात आपला थोडा जीव जातो. दोन बटणांतून तिसरं काम काढायची ही युक्ती पॅनेल करणाऱ्याने नीट बघायला हवी. ती दोन बटणं एकमेकांपासून लांब गेली, तर ऐन घेरावात नेमका तोच डाव साधत नाही. मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ३६ मिलिमीटर अंतर ठेवलं की शेजारची दोन बटणं दोन बोटांखाली सहज येतात आणि चुकून एकाऐवजी दोन दाबलीही जात नाहीत.

मामा : एका बटणाला एक काम, असा आमचा नियम आहे. दोन मिळून तिसरं काम म्हणजे गोंधळाला आमंत्रण.

भाची : तुझा नियम पाळणारे खेळही होऊन गेलेत. अटारीचा १९७९ चा 'ॲस्टरॉइड्स'. स्टिकच नव्हती, नुसती पाच बटणं. डावीकडे वळ, उजवीकडे वळ, पुढे जा, गोळी, आणि अगदीच अंगाशी आलं की गायब होऊन दुसरीकडे उगवायचं, ते हायपरस्पेस. मग १९८१ चा विल्यम्सचा 'डिफेंडर'. वर-खाली जाणारी स्टिक आणि वर पाच बटणं. पहिल्यांदा खेळणारा काही सेकंदांत मरायचा.

मामा : चालला का?

भाची : तुफान चालला.

मामा : मग? लोक शिकले ना? कामं वेगळी, बटणं वेगळी, म्हणून शिकता आलं. तू आत्ता हायपरस्पेसचं सांगितलंस. ते त्यांनी कुठे बसवलं होतं?

भाची : मधे. वळायची दोन डावीकडे, गोळी आणि पुढे जायचं उजवीकडे. हायपरस्पेस एकटं.

मामा : बघ. क्वचित लागणारं आणि धोक्याचं बटण त्यांनी हाताखालच्या गर्दीतून बाहेर काढलं. हे आमचं शास्त्र आहे. लक्षात ठेव, मी पुन्हा याच्यावर येणार आहे.

भाची : ये. पण त्याआधी तुला सहा बटणं कुठून आली ते सांगते. पहिला 'स्ट्रीट फायटर' कॅपकॉमने १९८७ साली काढला. त्याच्या मोठ्या कॅबिनेटवर खेळाडूला दोन जाडजूड रबरी पॅड दिले होते, हवेच्या दाबावर चालणारे. एक ठोशाचा, एक लाथेचा. जितक्या जोरात हाणाल तितका तडाखा जोराचा.

मामा : कल्पना वाईट नाही. दाबाचा सेन्सर.

भाची : कागदावर वाईट नव्हतीच. पण लोक मुठींनी हाणायला लागले. हात दुखून यायचे आणि पॅडही टिकत नसत. मग सहा साध्या बटणांचं पॅनेल आलं. वरच्या ओळीत तीन ठोसे, खालच्या ओळीत तीन लाथा. डावीकडून उजवीकडे हलका, मध्यम, जोरदार. जोर मोजायचं काम मनगटावरून काढून बटणाच्या जागेवर टाकलं. १९९१ ला 'स्ट्रीट फायटर टू' आला तो हीच सहा बटणं घेऊन, आणि त्याने जगभरातली पार्लरं भरून टाकली.

मामा : वर हात, खाली पाय.

भाची : हो.

मामा : अगं, मग हे आमचं मिमिक झालं. पाण्याच्या प्लँटचं पॅनेल करतो ना आम्ही, त्यावर टाकी वर काढतो, पंप खाली, मधे पाइप. प्लँटमध्ये जे जिथे, ते पॅनेलवर तिथेच. मग पट्टी न वाचताही माणसाचा हात बरोबर जागी जातो. तू मला इतका वेळ सांगतेयस की अक्षरं नकोत, आणि तुझ्या सहा बटणांनी अक्षरांचं काम जागेकडून करून घेतलंय.

भाची : जागेकडूनच. म्हणून तर मी जागेसाठी भांडतेय.

त्या सहा बटणांची अडचण मात्र तेव्हाच्या कॅबिनेटांना झाली होती. जपानी उद्योगाने १९८५ च्या सुमारास जामा नावाचं जोडणीचं मानक ठरवलं होतं. ५६ टोकांचा एक कनेक्टर. खेळाचा बोर्ड बदलायचा झाला तर जुना ओढून काढायचा, नवा खोचायचा. पण त्यात एका खेळाडूला तीनच बटणं धरली होती. 'स्ट्रीट फायटर टू'च्या लाथांसाठी बोर्डापासून वेगळी वायरींची जुडी ओढावी लागली. आधी ठरलेलं माप नंतरच्या खेळाला अपुरं पडलं. घरी बांधणाऱ्याने यातून उलटाच धडा घेऊ नये. 'पुढे लागतील' म्हणून दहा-दहा बटणं, ट्रॅकबॉल, फिरकी, चार स्टिका असं सगळं एका फळीवर कोंबलेली पॅनेलं मी पाहिली आहेत. या छंदातले लोक त्यांना 'फ्रँकेनपॅनेल' म्हणतात. त्यावर सगळं खेळता येतं आणि काहीच नीट खेळता येत नाही.

मामा : 'मॉर्टल कॉम्बॅट'चं काय करणार? तुझ्या दादाचं पहिलं मागणं तेच असेल.

भाची : तीच खरी अडचण आहे. तो मिडवेचा, १९९२ चा. पाच बटणं, फुलीच्या आकारात. चार कोपऱ्यांना वरचा ठोसा, खालचा ठोसा, वरची लाथ, खालची लाथ. मधोमध अडवायचं, म्हणजे ब्लॉक. माझ्या सहांच्या दोन ओळींत ती फुली बसत नाही.

मामा : का नाही बसत? डावीकडची उभी जोडी ठोशांची, उजवीकडची उभी जोडी लाथांची. राहिली मधली जोडी. त्या दोघांनाही ब्लॉक देऊन टाक. कुठलंही दाबा, ब्लॉकच होईल. बटणांची कामं सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतात ना?

भाची : येतात.

मामा : मग फुलीच झाली की. फक्त मधला ठिपका जरा उभा ताणला गेलाय.

भाची : हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग नीओ जिओच्या खेळांचाही प्रश्न सुटला. त्यांना चार लागतात, ती डावीकडच्या दोन जोड्यांवर येतील. त्या मशिनवर रंग ठरलेले होते. ए लाल, बी पिवळं, सी हिरवं, डी निळं.

मामा : लाल? मारायला? लाल म्हणजे थांब. हिरवं म्हणजे चालू. हे कामगाराच्या अंगात मुरलेलं असतं. इमर्जन्सी स्टॉपला लाल मशरूम आणि त्याच्यामागे पिवळी तबकडी. हा संकेत जगभर मानतात. तू खेळात लाल बटण गोळीला दिलंस तर माझा हात जाणार नाही.

भाची : तुझा जाणार नाही हे मान्य. पण खेळणाऱ्या पोरांना लाल म्हणजे 'मार' हेच माहीत आहे. मी वेगळं करतेय. एका खेळाडूची सहाही बटणं एका रंगाची. पहिल्याची निळी, दुसऱ्याची पिवळी. रंगाने इतकंच सांगायचं की हे तुझं, ते माझं.

मामा : आणि 'पॅकमॅन' लावला तर सहातलं एकही चालत नाही. हे नवख्याला कसं कळणार? तो बडवत बसेल. आमच्याकडे जे बटण लागू असतं त्याचा दिवा लागतो.

भाची : आतून एलईडी लागणारी बटणं मिळतात. चालू खेळाला जी लागतात तेवढीच पेटवायची, असं प्रोग्रामने करता येतं. खर्च आणि वायरी दोन्ही वाढतात.

मामा : वाढू दे. पाहुणा आला की तुला शेजारी उभं राहून समजावत बसायला नको. तुझं अक्षराशिवायचं पॅनेलही राहील आणि माझी पट्टीही राहील.

दोघांच्या भांडणातून निघालेली ही सगळ्यात चांगली सूचना असं मला वाटतं. पेटलेलं बटण नजरेच्या कडेलाही दिसतं. त्यासाठी मान खाली घालावी लागत नाही.

मामा : आता माझ्या मुद्द्यावर येतो. ही दोन बटणं कशाची? सहाच्या अगदी डोक्यावर?

भाची : एक स्टार्टचं. दुसरं एक्झिटचं, खेळ बंद करून यादीत परत जायचं.

मामा : खेळातल्या बटणांच्या दोन बोटं वर, त्याच आकाराचं, त्याच उंचीचं एक्झिट? अगं, शेवटच्या फेरीत हात सटकला की सगळा खेळ गेला. आमच्याकडे स्टार्टचं बटणसुद्धा कड्याच्या आत बुडवलेलं असतं, कोपर लागून मशिन चालू होऊ नये म्हणून. स्टॉप मात्र बाहेर आलेलं, तळहाताने धापकन मारता यावं असं. चुकून दाबलं तर नुकसान किती, त्यावर बटणाची उंची आणि जागा ठरते. 'ॲस्टरॉइड्स'वाल्यांना हे १९७९ ला कळलं होतं.

भाची : मग कुठे घालू?

मामा : फळीवरून हलव. पुढच्या उभ्या पट्टीवर, गुडघ्याच्या वर, बुडवून. शिवाय दोन सेकंद दाबून धरल्याशिवाय चालू नये असं कर. आणि स्टार्ट २४ मिलिमीटरचं लहान घे. बोटालाच कळावं की हे ते नाही.

भाची : किंवा एक्झिटला वेगळं बटणच नको. स्टार्ट दाबून धरायचं आणि त्याबरोबर दुसरं एक दाबायचं. खूप जण तसं करतात.

मामा : दोन हातांनी?

भाची : दोन हातांनी. तुमच्या पॉवर प्रेसवर असतात ना, दोन टोकांना दोन मोठी बटणं, दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते?

मामा : असतात. दोन्ही हात डायच्या बाहेर असल्याशिवाय प्रेस चालूच नये. ती दोन इतकी लांब लावतात की एका हाताने दोन्ही दाबता येत नाहीत.

भाची : म्हणजे ते अंतर तुम्ही डोळ्याने नाही ठरवत. हाताचं माप घेऊन ठरवता. आणि दोन मिळून तिसरं कामही तिथे चालतं.

मामा : ते सुरक्षेसाठी.

भाची : सुरक्षेसाठीच. पण माप हाताचंच.

मामा : हाताचंच. बरं, बटण कोणतं घेतेयस ते दाखव.

भाची : हे जपानी पद्धतीचं, ३० मिलिमीटरचं. डोकं जवळजवळ सपाट. स्विच आतच असतो. जरा बोट टेकलं की लागतं. आणि हे अमेरिकन धर्तीचं. डोक्याला खळगा, खाली स्प्रिंग, त्याच्याखाली वेगळा मायक्रोस्विच. खोल जातं आणि टक् असं वाजतं.

मामा : मला हे वाजणारं आवडलं. दाबलं ते कळतं. बोटाला पोच मिळते. पहिलं तर लागलं की नाही कळतच नाही.

भाची : पडद्यावर कळतं. 'स्ट्रीट फायटर'मध्ये एकामागोमाग पाच-सहा फटके साधायचे असतात. तिथे बटण खोल गेलं की वेळ जातो. पण जुन्या अमेरिकन खेळांना दुसरं बटण शोभतं हे खरं आहे. त्याहून जुन्या मशिनांत तर पानासारख्या दोन पातळ पट्ट्या असायच्या, लीफ स्विच. पट्टी बोटाने जराशी वाकवून बटण किती दाबल्यावर लागावं ते ठरवता यायचं.

मामा : रिलेचे काँटॅक्ट तसेच असतात. मळले की मी त्यांच्या मधून व्हिजिटिंग कार्ड ओढून काढायचो. पॉलिश पेपर लावला की प्लेटिंग जातं.

भाची : लीफ स्विचवालेही कार्डच ओढतात!

बटणांच्या या दोन धर्तींत बरोबर-चूक असं काही नाही. पण निवड आधी करायला हवी, कारण भोकाचं माप तिच्यावर ठरतं. जपानी धर्तीच्या बटणाला ३० मिलिमीटरचं भोक लागतं, अमेरिकन धर्तीच्या बटणाला सव्वा इंचाहून जरा कमी, एक इंच आणि वर एक अष्टमांश, म्हणजे साधारण २८.६ मिलिमीटर. मामाच्या औद्योगिक बटणाला २२.५. आणि आपल्या सुताराच्या पेटीत गोल भोकासाठी हमखास सापडणारं बिट असतं ३५ चं, कपाटाच्या कप बिजागरीचं. जपानी बटणाची कड साधारण ३३ मिलिमीटरची असते. ३५ च्या भोकातून ते बटण सरळ खाली पडतं. सुताराला 'गोल भोकं पाड' एवढंच सांगून बाहेर जाऊ नये.

मामा : ३५ चं बिट वाया घालवू नकोस. तुझी ही बटणं बाजूच्या क्लिपांवर बसतात. ती पातळ पत्र्यासाठी आहेत, १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये क्लिप पकडणारच नाही. म्हणून प्लायला ३५ ची भोकं पाड, त्यावर तीन मिलिमीटरचं ॲक्रेलिक टाक आणि त्याला बरोबर ३० ची. क्लिपला खाली पसरायला जागा मिळते. ॲक्रेलिकला ड्रिल लावू नकोस, तडकेल. साइनबोर्डवाल्याकडे लेझर असतो, त्याला ड्रॉइंग दे. आणि एमडीएफ नको. एका पावसाळ्यात कडा फुगतात.

भाची : वायरिंग मात्र मी करणार.

मामा : कर. कसं करणार ते सांग.

भाची : प्रत्येक बटणाला दोन टोकं. एक टोक एन्कोडरच्या, म्हणजे कुठलं बटण दाबलं ते संगणकाला सांगणाऱ्या बोर्डाच्या, स्वतंत्र इनपुटला, दुसरं सगळ्यांच्या सामाईक ग्राउंडला, एका बटणावरून दुसऱ्याला साखळीने. जुना कीबोर्ड फोडून त्याचा बोर्ड वापरायचा नाही हे ठरलंय. त्यात कळा जाळीने जोडलेल्या असतात. दोघांनी मिळून चार-पाच एकदम दाबल्या की एखादी हरवते.

मामा : आणि साखळीत मधलं एक लग सुटलं तर?

भाची : पुढची सगळी बटणं बंद.

मामा : म्हणून साखळीचं शेवटचं टोक परत ग्राउंडला आण. रिंग कर. मग एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहते. सोल्डर करू नकोस, लग क्रिंप कर, बटण बदलायला सोपं. लग घेताना बटण बरोबर घेऊन जा. हे जपानी २.८ चं आहे, त्या मायक्रोस्विचला ४.८ लागेल. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना फेरूल नंबर घाल. आणि फळी बिजागरीवर उघडणारी कर. मशिन उलटं करून दुरुस्त करायची वेळ आली की माणूस दुरुस्त करतच नाही.

इथे भाचीकडे उत्तर नव्हतं आणि ते नसणंच योग्य होतं. खेळाडूच्या हातासाठी आखलेल्या पॅनेलची आतली बाजू दुरुस्ती करणाऱ्याच्या डोळ्यांसाठी आखावी लागते. हौशी लोक वरच्या बाजूवर जीव ओततात आणि खालची बाजू एकाच रंगाच्या वायरींच्या गुंत्यात सोडून देतात. मग चौथ्या बटणाने दगा दिला की कॅबिनेटवर चादर पडते.

माझा कौल विचाराल तर असा. वरची सहा बटणं भाचीची : वाकडी, निनावी, एकरंगी, बोटांच्या मापाने लावलेली. स्टार्ट, एक्झिट, दिवे आणि फळीच्या पोटातलं सगळं मामाचं. दोघांतल्या एकालाच सगळी फळी दिली असती तर एकतर खेळायला अवघड झाली असती, नाहीतर टिकली नसती.

तुम्ही स्वतः बांधत असाल तर एक विनंती आहे. आधी खेळांची यादी करा, खरोखर खेळणार आहात त्यांचीच, आणि बटणं त्यावरून मोजा. मग जाड पुठ्ठा घ्या, त्यावर बटणांच्या आकाराच्या चकत्या ठेवा आणि पुठ्ठा उभ्याने खेळायच्या उंचीवर टेकवा. जमिनीपासून ९० ते ९५ सेंटिमीटर साधारण बरोबर येतात. स्वयंपाकघरातला ओटा जवळपास तेवढाच असतो, पुठ्ठा तिथेच ठेवला तरी चालेल. दोघांना शेजारी उभं करा, कोपरं लागतात का बघा. घरातल्या सगळ्यात लहान हाताला आणि सगळ्यात मोठ्या हाताला चकत्यांवर बोटं टेकवायला सांगा. चकत्या सरकवा, पुन्हा टेकवा. पेन्सिलची खूण करायची ती त्यानंतर, आणि ड्रॉइंग साइनबोर्डवाल्याकडे द्यायचं ते दोन्ही हातांना जमल्यावरच.